मुठीतला अंगठा

बहात्तरच्या दुष्काळी कामावर मी कारकून होतो. मिरजगावकडच्या एका बंधाऱ्यावर दगड निसटून एका बाईचा उजवा हात मोडला. भरपाई टाळायला मुकादमाने तिचा जबाब आधीच लिहून ठेवला होता. मी शाईचा पॅड पुढे केला, तशी तिने डावा अंगठा मुठीत गच्च दाबून धरला.

"आदी वाचून दावा."

"घरी पडून हात मोडला," मी चाचरत वाचलं.

"हात बंधाऱ्यावर मोडला. कागदात घरी कसा मोडला?"

मुकादम ओरडला, "अंगठा दे, न्हाईतर उद्यापासनं काम बंद!"

"करा बंद. खरं लिवा, मग ह्या मोडक्या हाताचाबी अंगठा घ्या."

तोवर मी शेकडो अंगठे घेतले होते, एकदाही वाचून न दाखवता. ती मूठ काही उघडेना. शेवटी मी तो कागद फाडला, कोरा घेतला आणि पहिल्यांदाच विचारलं, "बाई, काय झालं होतं?"