चौदावी टिक

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचत आले... चवीने, पण विश्वास न ठेवता. दर वेळी एकच शंका यायची — घडलं तेव्हाच या लोकांनी लिहून का नाही ठेवलं? मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे, सगळं लिहून ठेवते. याही वेळी ठेवलं होतं आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

मी डब्लिनला राहते. ओहायोतलं, आयर्लंडमधलं नाही. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आई गेल्यापासून नाशिकला एकटे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांना इकडे घेऊन आले. गुडघा बरा झाला, पण भीती गेली नाही. रोज मेलबॉक्सपर्यंत जायचे आणि परत यायचे, बस. मी मनात ठरवून टाकलं होतं की आता ते इथेच राहणार. खालच्या खोलीचे पडदेसुद्धा निवडले होते.

एका सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारून ते म्हणाले, "मंजू, पैज लाव. जूनमध्ये इंग्लंडला नेणार आहेस ना? तिथे तीन मैल चालून दाखवतो, कुणाचा हात न धरता. जमलं तर नाशिक. नाही जमलं तर तुझा मेलबॉक्स."

"आणि अंपायर कोण?"

"तूच. तुझ्याइतकी कडक बाई आणखी कुठे शोधू?"

यॉर्कशायरमधल्या एका खेड्यात आम्ही आठवड्यासाठी कॉटेज घेतलं होतं. (गावाचं नाव देत नाही, घरमालकीणबाईंना ते आवडायचं नाही.) मी, बाबा आणि माझी मुलगी इरा — वय एकोणीस, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. दुकान एक वाजता बंद, दिवसातून तीनदा पाऊस. बाबा मात्र खूष. "हा कसला पाऊस? नुसता रुमाल ओला करतो!" चाळीस वर्षं फळ्यावर काढलेला देश ते पहिल्यांदाच बघत होते.

मालकीणबाई मार्गारेट शेजारच्याच घरात राहायच्या. कॉटेजच्या फोल्डरमध्ये कचऱ्याच्या दिवसांच्या यादीशेजारी त्यांनी स्वतः टाइप केलेला एक कागद होता — चर्चपासून टेकडीवरून पलीकडच्या पबपर्यंत, तीन मैलांची वाट, नंबर घालून. अशी लिस्ट करणारी बाई मला लगेच आवडली.

गुरुवारी सकाळी दहाला निघालो. मी एकेक सूचना मोठ्याने वाचत होते आणि पेनने टिक करत होते. बाबा सुरुवातीला जोरात.

"चुनखडी! इरा, बघ, चुनखडी!"

"येस आजोबा. इट्स अ रॉक."

"नापास!"

आठव्या सूचनेला दगडी भिंत ओलांडायच्या पायऱ्या होत्या. बाबा चढले, उतरले आणि भिंतीवर हात टेकून थांबले. गुडघा थरथरताना मला पँटवरून दिसत होता. समोर सरळ चढ.

"मंजू... अजून किती?"

खरं सांगते, त्या क्षणी मला ते हरायला हवे होते. "पुरे आता, बाबा," एवढंच म्हणायचं बाकी होतं. पण सवयीने कागदाकडे नजर गेली आणि मी पुढचं वाचलं —

"भिंतीलगत झाडाखाली बाक आहे. बसा. काहीतरी खाऊन घ्या. दिसतं त्याहून पुढचं अंतर जास्त आहे."

"ऑ, दॅट्स सो स्वीट," इरा म्हणाली.

बाक होता. जुन्या लाकडाचा, उन्हाने कोमट झालेला. तिघेही बसलो. डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बाबांनी टोपी काढून उलटी ठेवली, त्यात रुमाल — शाळेत शिकवताना ठेवायचे तशीच. मी टिक केली. दहा मिनिटांनी ते उठले.

"अंपायर, लिहून घ्या. बसणं नियमात बसतं."

चढ चढले, पबपर्यंत पोचले आणि चिप्सच्या दोन प्लेट मागवल्या. मी हरले होते. टोपी बाकावरच राहिल्याचं तिथे कळलं, पण परत कोण जाणार?

संध्याकाळी मार्गारेटबाई अंडी द्यायला आल्या. मी म्हटलं, तुमची ती बाकाची सूचना फार आवडली.

"कुठला बाक?" त्या म्हणाल्या. "तिथे बाक हवा म्हणून मी चार वर्षं गावाच्या कौन्सिलच्या मागे लागलेय!"

मी तोऱ्यात कागद काढून दाखवला. आठवी सूचना — भिंतीच्या पायऱ्या. नववी — शेत ओलांडून वरचं फाटक. दोन्हींवर माझी टिक होती. आणि दोन्हींच्या मधे, कोऱ्या जागेत, आणखी एक. सूचना तेरा, टिक्स चौदा. मी चार वेळा मोजल्या.

"आई, यू रेड इट आउट लाउड," इरा हळूच म्हणाली. "आय हर्ड यू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिथे गेलो. झाड होतं, भिंत होती. भिंतीलगत नुसतं गवत, पाय रोवल्याची खूणसुद्धा नाही. गवतात बाबांची टोपी उलटी, आत घडी घातलेला रुमाल आणि शेजारी दशमीचे तुकडे हुंगणारी एक मेंढी. इराने आदल्या दिवशी फोटो काढला होता, पण त्यात बाबांचा चेहरा, हातात दशमी आणि मागे भिंत. खालचं सगळं कापलेलं. या मुलीला पूर्ण माणूस फ्रेममध्ये घेता येत नाही, हे मी केव्हापासून सांगतेय!

मार्गारेटबाई अजिबात घाबरल्या नाहीत. वही काढून त्यांनी विचारलं, "तिघे जण बसून गेले, असं कौन्सिलला लिहू का?"

बाबा मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "मंजू, खरं सांग. तूच रचलंस ना ते? बापासाठी?"

"नाही बाबा. मला तर तुम्ही हरायला हवे होतात."

ते हसले. "ठाऊक होतं. मग दुसऱ्या कुणीतरी रचलं म्हणायचं."

सप्टेंबरमध्ये ते नाशिकला गेले. पैज ती पैज. तो कागद इथे माझ्या फ्रिजवर लावलेला आहे. येता-जाता त्या मधल्या खुणेकडे बघते. वळण माझं, पेन माझं. लिस्टमध्ये नसलेल्या गोष्टीवर मी आयुष्यात कधी टिक केलेली नाही... यापलीकडे मला काही सांगता येत नाही.

परवा बाबांनी व्हिडिओ कॉलवर जिना दाखवला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी लाकडी खुर्ची आणून ठेवली आहे. भाजीवाल्या मावशी तिच्यावर पिशवी घेऊन बसल्या होत्या. वर भिंतीला पुठ्ठा, त्यावर बाबांचं फळ्यावरचं टपोरं अक्षर —

"बसा. दिसतं त्याहून पुढचं अंतर जास्त आहे."