सभेत कोण कोण होतं

माझी नोकरी गेली ती एका शनिवारी, ऑफिस सुटायच्या वेळेला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि "बसा" म्हणाले. त्याआधी कधीच त्यांनी मला बसायला सांगितलं नव्हतं. मी खुर्चीच्या कडेवर टेकले.

"टेलिफोन बोर्डावर एकच बाई पुरे, असं वरून ठरलंय," ते इंग्रजीत म्हणाले. माणूस मराठी, राहायला दादरला. पण ऑफिसात तोंडातून मराठीचा शब्द काढायचे नाहीत.

"माझ्या कामात काही चूक झाली का, सर?"

"काम चांगलंच होतं." त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे केला. "पण ऑफिसबाहेर आपली माणसं काय करतात, तेही कंपनीला बघावं लागतं. यापेक्षा जास्त विचारू नका."

मी विचारलं नाही. फोर्टातून गिरगावापर्यंत चालत आले आणि सगळा रस्ताभर एकच विचार डोक्यात होता: ह्यांना सांगितलं कोणी?

ऑफिसबाहेर मी काय करत होते, ते आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. संयुक्त महाराष्ट्राचं वारं तेव्हा घराघरात शिरलेलं. ठाकूरद्वारच्या नाक्याजवळ संध्याकाळी सभा व्हायच्या. खानावळीतून दोन टेबलं आणून जोडायची, त्यावर सतरंजी, की झालं व्यासपीठ. माझा आवाज खणखणीत, आणि दिवसभर फोनवर बोलून माईकची भीती गेलेली. म्हणून सूचना द्यायचं काम माझ्याकडे आलं. उद्या बायकांचा मोर्चा कुठून निघणार, लहान मुलांना कोणाकडे ठेवायचं, लाठीमार झाला तर पळापळ न करता कुठल्या गल्लीत शिरायचं, हे मी सांगायची. भाषणं पुरुष करायचे. ऑफिसात मात्र ह्यातलं अवाक्षर कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी लवकर निघायची घाई दिसली, तर शिवणाचा क्लास आहे म्हणायचे.

घरी आई रडली. दादा रडला नाही. त्याने लगेच बोटांवर माणसं मोजायला घेतली. दादा म्युनिसिपालिटीत कारकून होता आणि नोकरीच्या भीतीने सभांना लांबच उभा राहायचा.

"हा घरभेद्याचा उद्योग आहे," तो म्हणाला. "आपल्या मजल्यावरचाच कोणीतरी."

"कशावरून?"

"समोरच्याने गेल्या आठवड्यात मला काय विचारलं माहीत आहे? तुझ्या बहिणीचं ऑफिस नेमकं कुठल्या बिल्डिंगमध्ये रे? त्याला काय करायचंय ते?"

समोरच्या खोलीतला म्हणजे दादाचा शाळेपासूनचा मित्र. दोघं रोज गॅलरीत कॅरम खेळायचे. पण तो सचिवालयात नोकरीला होता. तेव्हाच्या दिवसांत तेवढं पुरेसं होतं. साध्या वेशातले पोलीस चाळीचाळीतून फिरतात, कोण कोण सभेला येतं त्याची खबर ठेवतात, अशी बोलवा होती. अनोळखी माणूस पानाच्या गादीवर जरा जास्त वेळ रेंगाळला, तरी बायका एकमेकींना खुणावून सांगायच्या, "सीआयडी."

दादाने कॅरम खेळणं सोडलं. काही बोलला नाही, भांडला नाही. मित्राने हाक मारली की "आज डोकं दुखतंय" म्हणायचा. काही दिवसांनी त्यानेही हाक मारायचं सोडलं. मग दोन दारं समोरासमोर असूनही दोघं एकमेकांचा अंदाज घेऊन बाहेर पडायला लागले.

माझा संशय दुसरीकडेच होता. बोर्डावर आम्ही दोघी. दुसरी माझी सीनिअर, ख्रिस्ती, आम्ही तिला आंटी म्हणायचो. खोताच्या वाडीत तिचं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर. तिनेच मला कामाला लावलं, फोनवर बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवलं. घरी ती माझ्याइतकीच मराठी बोलायची, फक्त हेल वेगळा. पण नोकरी माझी गेली, तिची राहिली. शिवणाच्या क्लासबद्दल ती एकदा हसून म्हणाली होती, "काय गो, एवढं शिवतेस नि अंगावर एक नवा ब्लाउज नाही?" तेव्हा मीही हसले होते. आता ते वाक्य सारखं आठवायचं. तिला कळलं होतं तर! चाळीतल्या बायकांनी भर घातली. "अगं, ती लोकं साहेबाच्या बाजूचीच असणार." मला ते पटायचं नाही, पण मनातून जायचंही नाही.

पुढच्या सभेला मी नेहमीसारखी गेले. आमच्या वाडीतले एक वयस्क कार्यकर्ते सभेची व्यवस्था बघायचे. त्यांनी मला टेबलाजवळच अडवलं.

"आज दुसरी मुलगी बोलेल. तू जरा विश्रांती घे."

"मला कशाला विश्रांती? आता तर घरीच असते मी."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "हे बघ पोरी, परवा मोर्चाच्या आधीच आपली दोन पोरं घरातून उचलून नेली. मोर्चात पुढे कोण राहणार, हे चारच जणांना माहीत होतं. त्यांत तू एक. तुझं नाव ऑफिसपर्यंत गेलं म्हणतेस, नोकरी गेली म्हणतेस, पण तुला कोणी हात लावला नाही. लोक विचारतात."

"काय विचारतात?"

"नोकरी गेली, का सोडायला लावली? म्हणजे... दुसरं काम मिळालं म्हणून?"

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग लागला. ऑफिसने मला चळवळीतली म्हणून काढलं होतं आणि चळवळ मला पोलिसांची समजत होती. मी तशीच घरी आले आणि त्यानंतर सभेला गेले नाही. लाऊडस्पीकर घरापर्यंत ऐकू यायचा. त्या दुसऱ्या मुलीचा आवाज बारीक होता.

नोकरी काही लवकर मिळेना. जिथे जावं तिथे पहिला प्रश्न, "आधीची का सोडली?" शेवटी परळला एका धर्मादाय प्रसूतिगृहात फोन घ्यायचं आणि बाळंतिणींचे केसपेपर करायचं काम लागलं. तिथे कुणाला माझ्या पूर्वेतिहासाशी देणंघेणं नव्हतं. तरी बरीच वर्षं मी तिथे कोणाशी राजकारणावर बोलले नाही.

एक दिवस आंटी आपणहून घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली. "तू मला चुकवतेस," म्हणाली. "तुला वाटतं मी बोलले?"

मी पाट पुढे सरकवला. ती बसली नाही.

"ऐक. तुला काढायच्या आधी साहेबांनी मला बोलावलं होतं. विचारलं, त्या मुलीने माझ्याबद्दल काही सांगितलं का? मला कुठे बघितलं, असं काही? मी म्हटलं, सर, ती तर तुम्हाला रोजच बघते. ते म्हणाले, ऑफिसात नाही. मग म्हणाले, जाऊ दे. मला तर काही समजलं नाही."

मलाही समजलं नाही. दादाला मात्र त्यातही खोट दिसली. "ती स्वतःला सोडवून घेतेय," म्हणाला.

उलगडा झाला तो राज्य झाल्यावर. दादरला रोषणाई बघायला मी आणि आई गेलो होतो. रस्ते माणसांनी फुललेले, ओळखपाळख नसलेले लोक एकमेकांना पेढे देत होते. गर्दीत समोर साहेब, सोबत त्यांची बायको. त्यांनी मला पाहिलं आणि चुकवून पुढे जाण्याऐवजी थांबले. पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलले.

"झालं शेवटी. अभिनंदन तुमचं."

"तुमचंही, साहेब."

बायको पुढच्या दुकानाकडे वळल्याचं पाहून ते जवळ आले. "एक विचारू? त्या दिवशी ठाकूरद्वारला तुम्ही मला पाहिलं होतं ना? मी मागे, औषधाच्या दुकानापाशी उभा होतो. तुम्ही सरळ माझ्याकडे बघत होतात."

मला आंटीचे शब्द आठवले आणि सगळ्याचा अर्थ एकदम लागला. साहेब आमच्याच सभेला आले होते. टाय काढून, लपून. मी कुठे बोलेन, मालकांच्या कानावर जाईल, ह्या भीतीने त्यांनी आधी मलाच काढलं होतं.

"मी पाहिलंच नाही तुम्हाला," मी म्हटलं. "माईकपुढे मी माणसांकडे बघतच नसे. समोरच्या गॅलऱ्यांकडे बघून बोलायची."

ते माझा चेहरा निरखत राहिले. विश्वास बसला नव्हता. तेवढ्यात बायको परत आली. "कोण ह्या?"

"आमच्या ऑफिसात होत्या. मागे सोडून गेल्या."

"सोडली नाही, बाई," मी म्हटलं. "साहेबांनी काढलं मला. का ते विचारा त्यांना." आणि आईचा हात धरून मी चालू लागले. बरं वाटलं.

घरी दादाला सांगितलं. समोरचा मित्र तोवर लग्न होऊन पार्ल्याला राहायला गेला होता. पुढच्या रविवारी दादा त्याच्याकडे गेला आणि संध्याकाळी परत आला.

"काय म्हणाला?"

"चहा दिला." दादाने शर्ट खुंटीला अडकवला. "मी त्याला सांगितलं, तुझ्यावर उगाच वहीम घेतला म्हणून. तर म्हणतो, मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी तिचं ऑफिस कुठे ते विचारलं हे कळून तुझ्या बहिणीनेच तुला माझ्याबद्दल काहीतरी सांगितलंय, म्हणून तू तुटलास."

"मी? मी काय सांगणार होते त्याच्याबद्दल?"

"ते मी विचारलं नाही," दादा म्हणाला आणि हातपाय धुवायला मोरीत गेला.