एक फाइल जास्त

लिहावं की नाही, हे ठरवण्यातच माझी काही वर्षं गेली. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसत वाचते. आमच्या घरी देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा नाही. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं संपलं. लहानपणी शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं, तेव्हा बाबा मला मुद्दाम जवळ नेऊन उभं करायचे. "भ्यायचं नाही, पाहायचं," म्हणायचे. मी आजही भूतखेत मानत नाही. हा अनुभव भुताचा आहे की नाही, तेही मला माहीत नाही...

माझं काम कॉम्प्युटर नेटवर्किंगचं. तेव्हा मी यवतमाळच्या एका दुकानात नोकरीला होते. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. झाडं माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली आणि बोंडं आतून पोखरलेली. जो तो फवारणीच्या मागे लागला होता. कळंबला एक संस्था शेतकऱ्यांना फोनवर सल्ला द्यायची — कोणतं औषध, किती पाण्यात, कधी मारायचं. राळेगाव रस्त्यावर, सायकलच्या दुकानाच्या माडीवर त्यांच्या दोन खोल्या होत्या. आलेला प्रत्येक फोन तिथल्या सर्व्हरवर रेकॉर्ड व्हायचा. उन्हाळ्यात त्या सर्व्हरची डिस्क बसली आणि पाच-सहा महिन्यांची रेकॉर्डिंग गेली. म्हणून तिथले प्रमुख, काळेसर, यांनी आमच्या दुकानाला सांगितलं — बॅकअपची पक्की सोय करून द्या.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, सोमवारी सकाळच्या एसटीने मी बॅकअपची पेटी मांडीवर घेऊन कळंबला गेले. पेटी म्हणजे नेटवर्क स्टोरेज. आत दोन डिस्क, एकीवर जे जाईल तेच दुसरीवर. केबलने ती ऑफिसच्या नेटवर्कला जोडायची आणि सर्व्हरला सांगायचं, की रोज तुझ्याकडच्या फाइलींची नक्कल इथे आणून ठेव. संध्याकाळी ऑफिसचं मेन स्विच बंद करून जायचे, म्हणून मी बॅकअपची वेळ दुपारी दीडची ठेवली. तेव्हा फोन अर्धा तास बंद असायचे.

पहिली नक्कल व्यवस्थित झाली. मग मी सवयीप्रमाणे मोजणी केली. सर्व्हरवर चार हजार एकशे सोळा फाइली. पेटीत चार हजार एकशे सतरा.

कमी भरल्या असत्या तर समजू शकले असते. जास्त कशी? वाटलं, पेटीने स्वतःची एखादी फाइल बनवली असेल. यादी लावून पाहिली. जास्तीची फाइल रेकॉर्डिंगचीच होती. नावात आधी फोन नंबर, मग तारीख, मग वेळ — सर्व्हर नावं द्यायचा तशीच. फक्त नंबराच्या जागी सगळी शून्यं होती. आणि तारीख येत्या गुरुवारची. दुपारी तीन वाजून बारा मिनिटं.

मी दोन्हीकडची घड्याळं तपासली. बरोबर होती. फाइल पुसली, बॅकअप पुन्हा चालवला. पुन्हा एक जास्त, तीच. मग पेटीची केबल काढली, पेटी कोरी केली, सगळं पहिल्यापासून केलं. तरी ती आलीच. सर्व्हरवर मात्र तिचा मागमूस नव्हता. जिथून नक्कल येते तिथे जे नाहीच, ते नकलेत कुठून येणार?

शेवटी मी त्या फाइलचा चेकसम काढून डायरीत लिहिला. चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. आत एक अक्षर जरी बदललं तरी तो बदलतो. मग हेडफोन लावला.

एक मिनिट चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग होतं. फोनवर कोणीही बोलत नव्हतं. पाठीवरच्या पंपाचा दांडा खाली-वर होत होता — खट्... फुस्स, खट्... फुस्स. कपड्यांवर पानं घासत होती. कोणीतरी जोरजोरात श्वास घेत होतं. मग एका माणसाने दोनदा घसा खाकरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "याडी... पानी..." याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई. पंप थांबला. "काई दिसत नाई..." आणि मग काहीतरी जड खाली पडलं. त्यानंतर शेवटपर्यंत फक्त पंपातलं औषध गुडगुड सांडल्याचा आवाज.

खोलीत पंखा चालू होता, बाहेर रखरखीत ऊन. मी हेडफोन काढला आणि फाइलची तारीख पुन्हा वाचली.

कोण्या शेतकऱ्याचा फोन चालू राहिला असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि बाहेरच्या खोलीत गेले. फोन घ्यायचं काम सुमनताई करायच्या. पस्तिशीच्या असतील. कळंबपासून सात-आठ किलोमीटरवरच्या तांड्यावरून रोज यायच्या. त्यांचा नवरा, किसनभाऊ, मोपेडवर सोडायला यायचा. डिस्क बसल्यापासून माझ्या तिथे बऱ्याच खेपा झाल्या होत्या; मी आले की तो हमखास विचारायचा, "यवतमाळचं पानी काय म्हंते, ताई?"

"सुमनताई, असा फोन आल्याचं आठवते का बघा बरं," म्हणून मी त्यांना हेडफोन दिला.

त्या खाली वाकून ऐकत होत्या. घसा खाकरल्याची जागा आली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. संपेपर्यंत सोडलं नाही.

"हे कवा भरलं?" त्यांनी विचारलं.

"तेच समजून नाही राह्यलं. काहून?"

"हा तर मायावाला मानूस हाय."

मलाही तेच वाटलं होतं, फक्त मी तसं म्हटलं नव्हतं. बोलण्याआधी दोनदा घसा खाकरायची सवय, तो घोगरा आवाज... काळेसरांना बोलावलं. तिघांनी मिळून स्पीकरवर ऐकलं. "किसनच वाटते," काळेसर म्हणाले. मग म्हणाले, "मशीनचा काही घोळ असन. मनावर नका घेऊ."

सुमनताईंनी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. तो आरामात चहा पीत होता. गुरुवारी काय काम आहे, असं त्यांनी विचारलं. तांड्याला लागून एकाचं मोठं वावर होतं, तिथे फवारणीला जायचं होतं. सकाळपासून.

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "सांग वो. तू शिकलेली हाय. जाऊ देऊ का नको?"

इथे मी काय बोलले ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणाले, "मी असलं काही मानत नाही. पण एक दिवस नाही गेले तर काय बिघडते?"

गुरुवारी मला कळंबला काही काम नव्हतं. तरी मी गेले. सुमनताईंनी किसनभाऊला सांगितलं होतं, की मले चक्कर येऊन राह्यली, आज माह्याजवळच राहा. खरं कारण सांगितलं नव्हतं. तो सकाळपासून ऑफिसच्या बाकावर बसून होता. चिंतामणीच्या देवळात जाऊन आला, डब्यातली भाकर खाल्ली, खालच्या सायकलवाल्याशी गप्पा मारून आला. तीन वाजले तसं आम्ही दोघी आणि काळेसर एकमेकांकडे न पाहता घड्याळाकडे पाहू लागलो. तीन-दहा. तीन-बारा. किसनभाऊ वर्तमानपत्राने वारा घेत होता. तीन-वीस झाले, तेव्हा सुमनताई एकदम हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं वो तुले?" तो विचारत राहिला. "रडाले काय झालं?"

मला स्वतःची लाज वाटली. एका फाइलीसाठी धडधाकट माणसाचा दिवस आपण फुकट घालवला, असं वाटलं. काळेसरांनी चहा मागवला.

चहा यायच्या आत किसनभाऊचा फोन वाजला. तांड्यावरून होता. तो उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "थावरा पडला."

थावरा म्हणजे त्यांचा शेजारी. किसनभाऊ येत नाही म्हटल्यावर वावरवाल्याने थावराला बोलावलं होतं. त्याचा पंप बिघडला होता, म्हणून सकाळी तो किसनभाऊच्या घरून पंप घेऊन गेला होता. फवारता फवारता औषध चढून तीनच्या सुमाराला कपाशीत पडला. झाडं उंच, त्यामुळे पाच-दहा मिनिटं दुसऱ्या मजुरांना दिसलाच नाही. त्याला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. किसनभाऊ दोन दिवस तिथेच होता. शनिवारी पहाटे थावरा गेला.

सुमनताई सोमवारी कामावर आल्या. मीही आले होते, कारण मला ती फाइल तिथून काढायची होती. काढण्याआधी काळेसर म्हणाले, एकदा ऐकू. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

स्पीकरवर लावली. खट्... फुस्स. पानं. श्वास. मग आवाज आला — "याडी... पानी..."

आधी घसा खाकरला गेलाच नाही. आणि आवाज घोगरा नव्हता, बारीक होता, नाकातला. काळेसर खुर्चीतून उठले. सुमनताई भिंतीला टेकल्या.

"थावरा," त्या म्हणाल्या. "हा थावरा हाय."

मी डायरी काढली. चेकसम पुन्हा काढला. बत्तीस अक्षरं एकेक करून जुळवली. सगळी तीच होती. म्हणजे फाइलमध्ये काहीच बदललेलं नव्हतं. पहिल्या सोमवारी जे होतं तेच आजही होतं.

"म्हंजे पयलेपासून थावराच होता?" सुमनताईंनी मला विचारलं. "मले किसनचा आवाज आला, म्हून मी त्याले घरी ठेवला... अन् त्याच्यानंच थावरा गेला? सांग ना वो. तू कोनाचा आयकलता?"

मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही." आयुष्यात इतकं सरळ खोटं मी कधी बोलले नव्हते.

फाइल काढायची राहिली ती राहिलीच. कोणाचा हात धजावला नाही. सुमनताईंनी घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. किसनभाऊने त्यांना एक शब्दही बोलून दाखवला नाही. आधी थावराच्या वावरातला कापूस वेचून दिला, मग स्वतःच्या वावरात गेला. पण मला पाहिलं की तो पूर्वीसारखं काही विचारायचा नाही. मान हलवून पायऱ्या उतरायचा.

दिवाळी झाल्यावर थावराची बायको ऑफिसात आली. मी तिथेच होते. तिचं नाव शांता. अंगाने बारीक, डोक्यावर पदर, बोलणं अगदी हळू. सुमनताईंकडून तिच्या कानावर गेलं असावं. ती म्हणाली, "त्याचा एकबी फोटो धड नाई. आवाज तुमच्या मशीनीत हाय म्हंते. मले आयकू द्या."

काळेसर नको म्हणाले. कसलं रेकॉर्डिंग आहे ते मी तिला समजावून सांगितलं, शेवटी काय आहे तेही सांगितलं. "आयकू द्या," ती पुन्हा म्हणाली. नाही म्हणायचा हक्क आम्हाला होता का? मी तिच्या कानांना हेडफोन लावला आणि तिच्यासमोर बसले.

ती डोळे मिटून ऐकत होती. चेहरा शांत होता. साधारण एक मिनिटाने, जिथे "याडी" येतं तिथे, तिने डोळे उघडले. ताडकन हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"हा थावरा नाई," ती म्हणाली.

"मग कोण आहे?" मी विचारलं.

सुमनताईंनी गोर बोलीत तेच विचारलं. चप्पल पायात घालायला विसरून ती जिना उतरली.

दोन दिवसांनी सुमनताईंकडून कळलं, की शांताने घराला कुलूप लावलं. तिचा धाकटा भाऊ तिच्याकडे राहून मजुरी करायचा, त्यालाही सोबत नेलं. मुकुटबनकडे कुठेशी तिची बहीण आहे, तिकडे गेले. भावाने तिथे वीटभट्टीवर काम धरलं. शांता त्याला वावरात पाय ठेवू देत नाही, म्हणे. तो आजही सुखरूप आहे. त्याच्या बदल्यात कोणी गेलं का, हे मी कधी विचारलं नाही... विचारायची माझी हिंमत नाही.

त्या डिस्क मी पेटीतून काढून घेतल्या, संस्थेला नव्या घालून दिल्या. त्यानंतर दोन्हीकडची मोजणी रोज बरोबर येऊ लागली. पुढे मी या धंद्यातल्या दोन जाणकारांना विचारलं. एक म्हणाला, डिस्क आधी कुठे वापरलेली असेल, त्यातलं जुनं काही उरलं असेल. दुसरा म्हणाला, ऐकणाऱ्याच्या मनातली भीतीच आवाज बनते. दोघांचं मी ऐकून घेतलं. पण तीन माणसांनी एकाच स्पीकरवर एकच आवाज ऐकला होता, दोन्ही वेळा. भीती अशी तिघांत वाटून येते का, मला माहीत नाही. गुरुवार आणि तीन-बारा, हे कोणाच्या भीतीने लिहिलं, तेही माहीत नाही.

त्या डिस्क माझ्या घरी, कपाटात वरच्या फळीवर आहेत. वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणेल, की द्या, आम्ही तपासतो. देणार नाही. एकदा मी स्वतःच त्या जोडायला घेतल्या होत्या. दुपारची वेळ होती, बाबा पलीकडच्या खोलीत खोकत होते. हेडफोन कानाला लावला, आणि या वेळी कोणाचा आवाज येईल या भीतीने फाइल सुरू न करताच काढून ठेवला.