अप्पांनी सांगितलेला शनिवार

मी सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. बावीस वर्षं झाली. हे आधीच सांगते, कारण गूढ अनुभवांच्या या सदरातले लेख मी आजवर वाचले ते चुका काढण्यासाठी. इथे झोप अपुरी होती, तिथे नंतर आठवणीत भर पडली, अमक्याने तमक्याला आधीच सांगितलं असणार... घरातही कोणी असलं काही बोलायला लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — तेव्हाच लिहून ठेवलं होतं का?

तर हे तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे. माझ्याच अक्षरात.

आम्ही ख्रिस्ती. माझे वडील, अप्पा, मूळचे माण तालुक्यातले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्याला गोडोलीत तीन खोल्यांचं घर बांधून राहिले. आई गेल्यावर त्यांनी सांगलीला माझ्याकडे यायला साफ नकार दिला. मग सोमवार ते शुक्रवार कामाला ठेवलेल्या लतामावशी त्यांचं बघायच्या आणि शनिवार-रविवार मी. शनिवारी पहाटेची एसटी पकडायची, इस्लामपूर, पेठनाका, कराड करत साताऱ्याला पोचायचं, रविवारी संध्याकाळी परत. अशी सहा वर्षं काढली. थकवा येतो म्हणतात तसा तो आला नाही. तो मुक्कामालाच होता.

मला एक धाकटा भाऊ आहे, प्रकाश. पुण्याला कंपनीत असतो. आईच्या शेवटच्या आठवड्यात मी त्याला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा "येतो ताई" म्हणाला. आला नाही. मातीलासुद्धा आला नाही. त्यानंतर त्याचे फोन आले ते मी कापले. अप्पांसमोर एकदाच बोलले होते, "या घराचं दार मी त्याला उघडणार नाही." पुढे सहा वर्षं त्याचं नाव घरात निघालं नाही.

शनिवारी दुपारी जेवण झालं की अप्पा भिंग घेऊन बायबल वाचत बसायचे आणि मी पेपर तपासायचे. मग वाद सुरू व्हायचा. विषय एकच. संदेष्ट्यांनी आधी सांगितलेलं खरं होतं म्हणता, मग माणसाच्या हातात राहिलं काय?

"यहूदाने येशूचा विश्वासघात करायचा हे आधीच ठरलेलं होतं ना?" मी म्हणायचे. "मग त्याचा दोष काय, अप्पा? नाटकातल्या पात्रासारखं नेमून दिलेलं काम केलं त्याने."

"ठरलेलं आनि दिसलेलं, ह्यात फरक हाय पोरी." अप्पा भिंग खाली ठेवायचे. "आमी डोंगरावर चौकीत बसायचो. वरनं वळनाच्या पलीकडचा रस्ता दिसायचा. पूल वाहून गेलाय, आनि खालनं ट्रक यायलाय. मला दिसलं म्हनून ट्रक मी चालवतोय व्हय?"

"पण तुम्हाला तो पडताना दिसला असेल, तर तो पडणारच. ड्रायव्हरला दुसरं काही करताच येणार नाही."

"मग वायरलेस कशाला दिलाय आमाला?" अप्पा हसायचे. "निनवे शहराचं काय झालं? चाळीस दिवसांत बुडनार म्हनून योना संदेष्टा सांगत फिरला. लोकांनी ऐकलं. न्हाई बुडलं."

"म्हणजे भाकीत खोटं ठरलं."

"बरं झालं की ठरलं. लय लोक वाचले."

मला हे पटायचं नाही. एकतर भाकीत पक्कं असेल किंवा माणूस मोकळा असेल. दोन्ही एकदम कसं? अप्पा म्हणायचे, "तुझ्या फिजिक्सात बसत न्हाई म्हंजी जगात बसत न्हाई असं न्हाई." मग मी चहा टाकायला उठायचे. दर आठवड्याला हेच, फक्त यहूदाच्या जागी कधी येशूला नाकारणारा पेत्र यायचा, कधी मिसरचा राजा फारो.

मार्चमधला एक शनिवार. जेवण झालं होतं, मी पेपरांचा गठ्ठा सोडला होता. अप्पा खुर्चीत बसून अंगणाकडे बघत होते. भाजीला मीठ कमी पडलंय म्हणावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले,

"शालन, परकाश येनार हाय."

"फोन आला होता?"

"न्हाई. दिसला."

मी लाल पेन ठेवलं. "कसा दिसला?"

"दारात हुबा. डावा हात गळ्यात बांधलेला. पायात एक काळी चप्पल, एक तपकिरी. शनवार हाय, दुपार हाय. लाईट गेल्याली, म्हनून कडी वाजवतोय." ते माझ्याकडे वळले. "तू दार उघडतीस... आनि त्याच्या तोंडावर लावतीस."

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. इतक्या वर्षांनी वाद निकालात काढायची संधी चालून आली होती! अप्पांच्या बीपीची वही शेल्फावर होती. मागच्या पानावर मी सगळं उतरवलं — हात, चपला, लाईट, कडी, दार. खाली तारीख घातली. "सही करा, अप्पा. नंतर बदलायचं नाही."

त्यांनी सही केली आणि सवयीने खाली हुद्दाही लिहिला.

"आता बघा," मी म्हणाले, "तो आलाच आणि मी दार नाही लावलं, तर तुमचं भाकीत खोटं."

"मी खोटा ठरलो तर लय बरं," अप्पा म्हणाले. "म्हनून तर तुला सांगितलं."

नंतर तो विषय निघाला नाही. परीक्षा आल्या, निकाल आले, कॉलेजचं नवीन वर्ष सुरू झालं. खरं सांगते, मी विसरले.

ऑगस्टमधला शनिवार. कराडपासून उभी आले होते. खांद्यावर चाचणीचे पेपर, रस्त्याची कामं चाललेली, गाडी दोन तास उशिरा. आल्या आल्या अप्पांना जेवायला घातलं, ते आडवे झाले. मी ताटं धुवायला घेतली आणि लाईट गेली. आता निदान दहा मिनिटं बसावं असा विचार करत होते, तेवढ्यात कडी वाजली.

मी दार उघडलं. प्रकाश होता. केस पांढरे झालेले. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या पट्टीत अडकवलेला. मला तरीही काही आठवलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं, नजर खाली गेली... आणि चपला दिसल्या. एक काळी. एक तपकिरी.

तेव्हा सगळं एकदम आठवलं. वहीचं पान, अप्पांची सही, सगळं.

आता इथून पुढचं मी शक्य तितक्या प्रामाणिकपणे लिहिते, कारण खरा प्रश्न इथेच आहे. मी भारावले वगैरे नव्हते. हात कोणी धरला नव्हता. मला स्वच्छ कळत होतं की दार उघडं ठेवलं की झालं, अप्पा हरले, मी जिंकले. मी ठरवलंही होतं — लावायचं नाही.

"ताई," प्रकाश म्हणाला, "आईच्या वेळी मी..."

'आई' हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला मात्र, तिन्ही फोन आठवले. दवाखान्याचा तो बाक आठवला, जिथे मी आठ रात्री एकटी बसले होते. आणि मी दार लावलं. जोरात नाही. नुसतं लावलं. ती माझीच इच्छा होती, शंभर टक्के माझी. आणि ती पाच महिन्यांपूर्वी वहीत लिहिलेली होती.

आतून अप्पांचा आवाज आला, "कोन हाय?"

मी दाराला टेकून उभी राहिले. मग पायरीवर चप्पल घासत गेल्याचा आवाज आला. तो उतरत होता. एका हाताने कठड्याला धरून असणार, हळूहळू. वहीत यापुढचं काही नव्हतं. अप्पांनी दारापर्यंतचंच सांगितलं होतं.

मी दार उघडलं. तो फाटकापाशी पोचला होता.

"पाणी पिऊन जा," मी म्हणाले.

तो आत आला. अप्पा उठून बसले होते. त्यांनी प्लास्टरवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "जेवलास का रं?" बाप-लेकांमध्ये सहा वर्षांनी झालेलं पहिलं बोलणं ते एवढंच. प्रकाश मान खाली घालून रडला. मी पोळ्या गरम करायला आत गेले.

जेवताना त्याने सांगितलं. आई गेली त्या दिवशी तो सातारा स्टँडपर्यंत आला होता. नोकरी गेली होती, पिणं सुरू झालं होतं, आईला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. तासभर बाकावर बसला आणि त्याच गाडीने पुण्याला परत गेला. हे ऐकून माझा राग गेला का? नाही. पण त्याला भाजी मीच वाढली.

हात मोडला होता तो आठ दिवसांपूर्वी, कंपनीच्या बसमधून उतरताना. इकडे यायचं आदल्या दिवशी ठरवलं, तेही कोणाला न सांगता. एका हाताने बुटाच्या नाड्या बांधता येईनात, म्हणून पहाटे अंधारात सापडल्या त्या चपला पायात सरकवल्या. एक त्याची, एक त्याच्या मुलाची. वेगळ्या आहेत हे त्याला स्वारगेटला कळलं.

लतामावशींनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. अप्पांच्या साध्या मोबाईलमध्ये त्याचा नंबर नव्हता. सगळं तपासलं मी.

संध्याकाळी अप्पांसमोर वही धरली. ते भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

"सही माझीच हाय," म्हणाले. "पन मी असं कवा म्हनलो?"

"मार्चमध्ये, अप्पा. इथेच बसून."

"न्हाई ध्यानात, पोरी."

चिडवत नव्हते. ज्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीच्या तुकडीतल्या पोरांची गावंसुद्धा पाठ होती, त्याला हे आठवत नव्हतं. त्यानंतर आमचा वाद झाला नाही. कोणती बाजू घेऊन भांडायचं हेच मला कळेना.

अप्पा या जानेवारीत गेले. शेवटचे चार दिवस प्रकाश त्यांच्या उशाशी होता. माती झाली, लोक पांगले, आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

"दार लावणार हे अप्पांना कळलं होतं," शेवटी म्हणाला. "पण ताई, तू परत का उघडलंस?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. राग ओसरला होता म्हणावं, तर तसं नव्हतं. दया आली होती म्हणावं, तर तेही आठवत नाही. अप्पांना खोटं पाडायचं होतं, असंही नाही. ते तर खरे ठरून गेले होते. अप्पांना आधी कसं दिसलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मिळेल असं वाटत नाही. पण दुसऱ्यांदा दार उघडलं ते मी, माझ्या हाताने, कोणी काही सांगितलेलं नसताना. त्याचं तरी कारण मला माहीत असायला हवं होतं.

"चहा गार होतोय," मी प्रकाशला म्हणाले.