चावीशिवाय वाजणारी फियाट

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. फाईल बंद झाली, मी निवृत्त झालो, पण शेजारी उभ्या गाडीत गाणं लागलं की मी आधी आत कोण बसलंय ते बघतो.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी अंधेरी भागात फौजदार होतो. एका सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतून वॉचमनचा फोन आला. गल्लीत एक फियाट उभी आहे, पडदे ओढलेत, आत दुपारपासून मोठ्याने गाणी चालू आहेत आणि काच ठोकली तरी कोणी बोलत नाही. आम्ही पोचलो तेव्हाही गाणं चालूच होतं. मागच्या सीटवर गाडीचा मालक, एक छोटा कारखानदार, गळा आवळून मारलेला. हवालदाराने टेपचं बटण बंद केलं.

वॉचमन म्हणाला, "साहेब, मी चारला राउंडला आलो ना, तेव्हाच त्यांनी कॅसेट फिरवली. गाणं थांबलं, मग दुसरी बाजू लागली."

म्हणजे चारला माणूस जिवंत होता. त्याचा भागीदार दोनला त्याला भेटून गेलेला, आणि तीनपासून घाटकोपरला लग्नाच्या भरल्या मांडवात. सव्वाचारला गाडीपाशी दिसला तो फक्त तिच्यात पूर्वी टेप बसवून दिलेला इलेक्ट्रिशियन. वॉचमनने हटकताच तो पळाला होता. मी त्याला उचलला.

चाळिशीचा, किरकोळ बांध्याचा, कोकणातला माणूस. त्याचं एकच पालुपद. "भागीदारान माका चारला बोलवल्यान. साहेब, ती गाडी चावीशिवाय वाजता. मीच वायर बॅटरीवरसून डायरेक ओढलंय."

भागीदार म्हणाला, मी बोलावलंच नाही. लग्नातला सुटाबुटातला माणूस; मी त्याच्यावर विश्वास ठेवला. इलेक्ट्रिशियन विषय बदलतोय असं वाटून माझं डोकं फिरलं आणि त्याच्या डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली, की तो भिंतीवर आदळला.

तिसऱ्या दिवशी त्याची कोठडी वाढवून मागण्याचे कागद तयार करताना पंचनामा पुन्हा वाचला. 'गाडीत चावी मिळाली नाही.' पुढची ओळ, 'टेप चालू स्थितीत.' अक्षर माझंच. चावी काढली की गाडीतला टेप बंद पडतो, हे मला माहीत नव्हतं थोडंच!

भर दुपारी मी ठाण्याच्या आवारातल्या त्या फियाटमध्ये एकटाच जाऊन बसलो. चावी नाही, नुसतं बटण दाबलं. गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. थोड्या वेळाने खट् झालं, आवाज थांबला आणि दुसरी बाजू आपोआप लागली. टेप परदेशातून आणलेला, त्यात तशी सोय होती. पण त्या क्षणी मागच्या सीटवरून कुणीतरी हात पुढे केल्यासारखं वाटलं. मला आरशात बघवेना.

उतरून बॉनेट उघडलं. बॅटरीवरून करंगळीएवढी जाड वायर निघालेली. इंजिनामागच्या पत्र्यातल्या भोकातून आत, पायाखालच्या मॅटखालून थेट डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत. टेपची तारही तिलाच जोडलेली. चावीशी कशाचाच संबंध नव्हता. म्हणजे चारला कॅसेट फिरवायला जिवंत माणूस लागलाच नव्हता; खून दोनलाही झालेला असू शकत होता.

इलेक्ट्रिशियनला विचारलं, "अशी का ओढलीस रे?"

"भागीदारान सांगितल्यान. दोस्ताक भेट देतंय, चावी नसताना वाजाक व्हया, असा तो म्हणालो."

भागीदाराला मी बोटही लावलं नाही. त्याच फियाटमध्ये पुढे बसवलं, स्वतः मागे बसलो आणि टेप लावायला सांगितलं. खट् आवाज होताच तो ओरडला, "बंद करा साहेब, सांगतो!" चावी त्याच्या कारखान्यात ग्रीसच्या डब्यात मिळाली.

इलेक्ट्रिशियनला सोडताना मी म्हणालो, "चुकलं माझं."

तो म्हणाला, "साहेब, माझा काम कानावर. दोनय स्पीकर सारखे वाजतत काय, ता बघूचा लागता. आता डावो ऐकाक येणा नाय."

पहिल्या तासातच तो खरं सांगत होता. ऐकणं हे माझं काम होतं, आणि मी ते केलं नाही. पुढे चौकशीत कधी कुणावर हात उचलला नाही. संशयिताचं पहिलं वाक्य शब्दशः लिहून घेऊ लागलो, वरिष्ठांनी त्याचं कौतुकही केलं. त्या इलेक्ट्रिशियनच्या कानाला त्याचा काही उपयोग झाला नाही.