छतावरचा वायरलेस

हे मी घरात बोललो नाही. देवापुढे हात जोडतानाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

भिवंडीजवळच्या वळ गावात माझं गोदाम आहे. शेजारचं चुलतभावाचं, भास्करदादाचं. दादाला बापाची जमीन आयती मिळाली; मी हमालीपासून, घासाघीस करत वर आलो. म्हणून एका ड्रोन कंपनीने औषधांची खोकी उतरवायला दादाचं छत घेतलं, तेव्हा मला फार झोंबलं. आधी माझ्याकडेच आले होते ना? मी भाव ताणला, ते उठून गेले. ताणू नये? — जाऊ द्या. तो राग अजून गेलेला नाही.

माझ्या छतावर ट्रकवाल्यांशी बोलायचा वायरलेस होता. हायवेपर्यंत आवाज पोचावा म्हणून मी त्याची ताकद परवान्याबाहेर वाढवून घेतली होती.

कंपनीची इंजिनियर, सायली, गोदामं फिरत माझ्याकडे आली.

"काका, छतावर जोराचा ट्रान्समीटर आहे का? त्याच्याजवळून जाताना ड्रोन गोंधळतं. असेल तर आम्ही वाट बदलू, ड्रोनच्या वायरींवर कवच चढवू."

"आधी सांग, माझ्या छताला काय काटे होते?"

"काका, मी भाव करायला नाही आले."

"भिवंडीत सगळे त्यालाच येतात."

ती हसली, वाट बघत उभी राहिली. आमच्या धंद्यात सवयच असते — समोरचा अडल्याशिवाय आपल्याकडे काय आहे ते दाखवायचं नाही. अडतील, पुन्हा येतील, मग बोलू. ती कुणाच्या तरी जिवाचं विचारत होती आणि मी त्याचा सौदा केला. म्हणालो, "माझ्याकडे काही न्हाय."

नंतर एका दुपारी ड्रोन माझ्या छताजवळून वळलं, नेमका तेव्हाच खाली माझा मुकादम वायरलेसवर ट्रक बोलावत होता. ते तिरपं होऊन दादाच्या छतावर आपटलं. दादा खोकं घ्यायला उभा होता. पात्यांनी उजव्या हाताची बोटं नेली.

मीच धावलो, मीच त्याचा हात टॉवेलात गुंडाळला. आणि दवाखान्यातून परतल्यावर पहिलं काम काय केलं? माझ्या छतावर चढून वायरलेसची अँटेना उतरवली.

चौकशीत सायली म्हणाली, बाहेरून कुठला तरी जोराचा सिग्नल आला असावा. सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो तो मीच — "तुझं काम कच्चं, आणि खापर गावावर फोडतेस?" तिने माझ्याकडे पाहिलं. कळलं असेल का तिला? असेलही. दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. तिची नोकरी गेली.

रागाच्या भरात झालं म्हणू? नाही — अँटेना उतरवताना मी अगदी शांत होतो. स्क्रूसुद्धा डबीत जपून ठेवले.

दादा अजून डाव्या हाताने जेवतो. घास सांडला की म्हणतो, "त्या पोरीनं माझा हात खाल्ला रं."

मी समोर बसलेला असतो. मी गप्पही राहत नाही. म्हणतो, "हाय खरं, दादा."