हिरव्या कागदावर पितळेची ज्वारी

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळपासून पितळेची बर धुतेय. बर म्हणजे लेथवर धातू कातताना सुटणाऱ्या बारीक कुरळ्या. त्यांना तेल चिकटलेलं असतं. ते काढलं नाही तर मी दिवाळीला बनवते त्या ग्रीटिंगच्या कागदावर डाग पसरतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, आणि हातात रबरी मोजे, कारण बर कापते. तीनदा धुऊन आता ती गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळत घातली आहे. समोरच्या गॅलरीतून शेजारणीने विचारलं, "शेवया का हो?" म्हटलं, "हो, चावायला जरा कडक आहेत."

लातूर जिल्ह्यातलं आमचं गाव सोडलं तेव्हा लग्नाला आठ दिवस झाले होते. नवऱ्याला भोसरीत लेथवर काम लागलं होतं. फाट्यावर एसटी आली, अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली आणि खाली उतरून म्हणाले, "आता पाहुणी म्हणून येत जा." सगळे रडत होते. मला रडू आलं नाही, राग आला. ज्या रानात मी कळत्या वयापासून खुरपलं, तिथं आठ दिवसांत पाहुणी कशी झाले? पण विचारलं नाही. गाडी सुटली.

तेव्हा पिंपळे गुरवमध्ये आमची एक खोली होती, नळ चार बिऱ्हाडांत एक. आता त्याच भागात दोन खोल्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे आणि मी चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. पार्ट गेजला लावायचा, बसला तर पास, नाही तर लाल पेटीत. माझा स्वभाव या कामाने असा झाला असं नवरा म्हणतो. मला वाटतं, स्वभाव होता म्हणून काम मिळालं.

पहिल्या दिवाळीला सुट्टी मिळाली नाही. दुकानात ग्रीटिंग बघितली तर सगळ्यांवर बर्फाचे डोंगर आणि ट्यूलिपची फुलं. आमच्या घरात बर्फ कोणी बघितला होता? त्या दिवशी नवऱ्याची पँट झटकताना दुमडीतून पितळेची एक कुरळी पडली. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा कापला, त्यावर ती पणतीच्या ज्योतीसारखी चिकटवली आणि अण्णांना पाठवली. आठ दिवसांनी त्यांचा खालच्या किराणा दुकानात फोन आला. दिवाळीबद्दल एक शब्द नाही. "पोरी, ह्याला गंज चढंल का?"

"पितळ हाय, अण्णा. घासलं की झालं."

"मग बरं हाय," म्हणाले आणि ठेवला.

तेव्हापासून दरवर्षी पाठवते. गॅस्केटच्या रबराचे आकाशकंदील, वायरीच्या रंगीत आवरणाची रांगोळी, काळ्या पॉलिश पेपरवर रात्रीचं आभाळ. माझ्याबरोबर वाढलेल्यांपैकी जे तिकडेच राहिले त्यांना, आणि जे माझ्यासारखे निघून सुरत, हैदराबाद, कुठे कुठे गेले त्यांनाही. एका वर्षी बर न धुता पाठवली, तर तेल पाझरून पत्ताच पुसला गेला. दुसऱ्या वर्षी भाच्याच्या बोटाला लागलं. तेव्हापासून कडा कानशीने घासून घेते. चूक झाली की दुरुस्त करायची. काम थांबवायचं नाही.

अण्णा गेल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं लागली: माझा धाकटा भाऊ दत्ता आणि मी. गेल्या आठवड्यात दत्ताचं जाड पाकीट आलं. आत मी आजवर अण्णांना पाठवलेली सगळी ग्रीटिंग होती, सुतळीने बांधलेली, आणि त्यावर हक्कसोडपत्राचा मसुदा, वकिलाकडून टाइप करून आणलेला. आमच्याकडे रीतच आहे. वडील गेले की बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावाने साडी नेसवायची, आणि माहेर चालू राहायचं. सही केली नाही तर माहेर बंद. कोणी तसं तोंडाने म्हणत नाही, फक्त फोन यायचे थांबतात.

काल मीच फोन केला.

"आक्का, पाकीट मिळालं का?"

"मिळालं. ग्रीटिंग कशाला पाठवलीस?"

"अण्णांची पेटी रिकामी करायलो होतो. तुझं तुला. आन् आता ते भंगार पाठवू नको बघ, लोक हसायलेत."

"कोण हसतंय? नावं सांग, त्यांनाही एकेक पाठवते."

"भाऊबीजेला ये. काठाची साडी घेऊन ठेवलीय. दिवाळी झाली की रजिस्ट्रीला जाऊन येऊ."

"आणि सही नाही केली तर?"

"गावात एक तरी बहीण दाखव, जिनं सही केली नाही."

"भाऊबीजेला दाखवते," म्हटलं आणि ठेवला.

बोलायला सोपं होतं. नंतर तव्यावर दोन पोळ्या करपल्या, खोटं कशाला सांगू? पन्नाशी जवळ आलीय. आई नाही, अण्णा नाहीत. दत्ताने दार लावलं तर त्या गावात माझं दुसरं कोणी नाही. पण मला जमीन विकायची नाही, वाटा मोजायचा नाही. पाहुणीचं नाव सातबाऱ्यावर नसतं, माझं आहे. ते मी माझ्या हाताने खोडणार नाही.

मग शकीलभाईंच्या वर्कशॉपला गेले. ते वर्षभर माझ्यासाठी रंगाच्या रिकाम्या डब्यात पितळेची बर साठवतात. यंदाची बघितली तर नुसता चुरा.

"शकीलभाई, मला लांब कुरळी पाहिजे."

"ताई, त्याला टूल बदलावं लागेल. तुमच्या दिवाळीसाठी मी मशीन थांबवू?"

"ईदला तुमच्या घरी वॉशरचा चंद्र कोणी पाठवला होता?"

"घ्या! म्हणजे तो ॲडव्हान्स होता काय!" असं म्हणत त्यांनी टूल बदललं.

तीच बर आज दुपारपर्यंत वाळली. कागद शोधायची गरज पडली नाही. मसुदा ज्या हिरव्या कागदावर टाइप केलाय तो चांगला जाड आहे, घडी घातली तरी मोडत नाही. पट्टी लावून कटर फिरवायला घेतला तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, कागद फाडू नकोस."

"फाडत नाही. मापात कापतेय."

अण्णांचं नाव आणि गट नंबर असलेली ओळ बरोबर पुढच्या बाजूला येऊ दिली. तिच्यावर बारीक तारेची ताटं, म्हणजे ज्वारीचे दांडे, उभी केली आणि प्रत्येक ताटाला पितळेच्या कुरळीचं कणीस चिकटवलं. हिरव्या रानात पिकलेली ज्वारी. एवढ्या वर्षांत इतकं सुबक कार्ड माझ्या हातून झालं नव्हतं. आत लिहिलं: "दत्ता, दिवाळीच्या शुभेच्छा. तू पेर, तू काढ, मी दाणा मागणार नाही. नाव मात्र राहील. भाऊबीजेला येते. ओवाळीन, जेवीन, सही करणार नाही. दार उघडायचं की नाही ते तू बघ. मी फाटकापर्यंत नक्की येणार."

घर म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर आता माझ्याकडे उत्तर आहे. जिथं बोलावणं आलं नाही तरी जाता येतं, ते.

सोमवार, १३ ऑक्टोबर. आज सेकंड शिफ्ट होती, त्यामुळे सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच रांगेत उभी राहिले आणि कार्ड स्पीड पोस्टाने पाठवलं. तिथून लातूरच्या गाडीचं तिकीट काढलं, जायचं आणि यायचं. मग कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या सुट्टीचा अर्ज भरला. कारण लिहिलं: स्वतःचं शेत बघायला जाणे.

शेजारी बसलेल्या सुपरवायझरने डोकावून वाचलं. "ताई, तुमचं शेत आहे?"

"आहे," म्हटलं, आणि सहीसाठी अर्ज त्याच्या हातात दिला.